ही ओळ काढू नये

पहिल्याच दिवशी, दुपारच्या चहाच्या आधी, कात्रीनं एक ओळ कापली आणि चार नंबरचं दार अडकलं.

कात्री हे नाव तिला ऑफिसातल्या लोकांनी ठेवलं होतं आणि ते काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. जुने प्रोग्रॅम वाचायचे, त्यातलं निकामी झालेलं छाटायचं आणि उरलेलं नव्या कॉम्प्युटरवर चालतं करून द्यायचं, हे तिचं काम. वय सत्तावीस, अनुभव पाच वर्षांचा आणि आत्मविश्वास मात्र निवृत्त हेडमास्तरांना शोभेल असा. कुणीही लिहिलेल्या दहा ओळींमधल्या तीन तरी उगाच असतात, असं तिचं ठाम मत होतं. ते बहुतेक वेळा खरं निघायचं आणि तिथेच तिची पंचाईत होती. सारखं खरं ठरत राहिलं की माणसाची चुकायची सवय मोडते.

या वेळी तिला तीन आठवड्यांसाठी एका लॉन्ड्रीत पाठवलं होतं. लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. शहरातल्या नऊ हॉस्पिटलांच्या चादरी, ब्लँकेटं आणि ऑपरेशनचे हिरवे गाऊन इथे धुवायला येत. खाली लांबलचक हॉलमध्ये आत माणूस उभा राहील एवढ्या ड्रमची आठ मशीनं होती. वर काचेच्या खोलीत त्या आठांना हुकूम सोडणारा एक कॉम्प्युटर होता. कुणी किती पाणी घ्यायचं, ते किती तापवायचं, किती वेळ घुसळायचं आणि दार कधी उघडायचं, हे सगळं तो सांगे. त्याचा प्रोग्रॅम जावा नावाच्या भाषेत लिहिलेला होता. सात वर्षांपूर्वी लिहिलेला, आणि तेव्हापासून बाहेरच्या कुणी तो उघडूनही पाहिला नव्हता.

लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंना सगळे आत्याबाई म्हणत. साठीच्या, ताठ कण्याच्या, चादरीवरचा डाग हॉलच्या दुसऱ्या टोकावरून ओळखणाऱ्या. एक टायवाला विक्रेता गेले सहा महिने तयार प्रोग्रॅम गळ्यात मारायला त्यांच्या दारी खेटे घालत होता. कात्रीला समोर बसवून त्यांनी मोजकंच सांगितलं. "जुना ठेवायचा की फेकायचा, एवढं लिहून दे. गोड बोलणारी माणसं माझ्याकडे पुष्कळ येतात. मला खरं बोलणारं हवंय."

"ते मला जमतं," कात्री म्हणाली. आणि जमायचंच तिला. खरं बोलण्यापायी दोन बॉस आणि ठरत आलेलं एक लग्न तिनं घालवलं होतं.

तर ती ओळ. प्रोग्रॅमच्या मधोमध, दार उघडण्याच्या हुकमाच्या अगदी आधी, कुणीतरी मशीनला सांगून ठेवलं होतं: तीन सेकंद थांब. काही करू नकोस, नुसतं थांब. आणि त्याच्या डोक्यावर, दोन तिरप्या रेघा मारून, एक टीप होती. अशा टिपा कॉम्प्युटर वाचत नाही, सोडून देतो. त्या पुढे कधीतरी प्रोग्रॅम वाचणाऱ्या माणसासाठी असतात. टिपेत लिहिलं होतं: "ही ओळ काढू नये. का, ते विचारायचं असल्यास २७ नंबरला फोन करावा."

असल्या ताकिदी कात्रीनं ढीगभर पाहिल्या होत्या. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो, कारण त्याच्याबरोबर गेलेलं असतं आणि ओळ तेवढी शिळ्या पाहुण्यासारखी बसून राहते. तिनं ओळ काढली. एक, दोन, तीन नंबरची मशीनं चालवून पाहिली, दारं सुरळीत उघडली. खुशीत तिनं चहा मागवला. तो यायच्या आत खालून हाकाटी आली की चार नंबर धुऊन थांबलंय, पण दार उघडत नाही, आत दोनशे हिरवे गाऊन आहेत आणि हॉस्पिटलची गाडी तासाभरात फाटकात उभी राहणार आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत तिनं २७ नंबर फिरवला.

घंटी तिच्या पायाखालीच वाजली. बरोबर खालच्या खोलीत.

"बोला," पलीकडून एक आवाज म्हणाला.

"ते... चार नंबरचं दार—"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो आवाज म्हणाला, "ओळ काढलीत?"

"काढली," ती म्हणाली.

पुन्हा तेवढीच शांतता. "आलोच."

तो आला तो हातात पाना आणि खांद्यावर फडकं टाकून. वय तिशीच्या आसपास, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांवर कापसाचे तंतू. रागावलेला असेल अशी तिनं तयारी ठेवली होती. पण त्याचा चेहरा पाहून ती चक्रावली. फार दिवसांनी पत्र आलेल्या माणसासारखा तो खूश होता.

मशीनच्या मागे शिरून त्यानं पाच मिनिटांत कुलूप मोकळं केलं. वाफेचा लोट बाहेर आला, दोघांचेही चेहरे घामेजले. मग त्यानं तिला ड्रमला हात लावायला सांगितलं. ड्रम थांबला आहे असं मशीन सांगतं, पण चार नंबर जरा घाई करतं. आतला ड्रम तेव्हा अजून डुलत असतो आणि त्याच क्षणी कुलूप ओढलं की ते वाकडं होऊन अडकतं. तीन सेकंद थांबलं की डुलणं संपतं. म्हणून ती ओळ.

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"लिहिली मीच."

तिनं त्याच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं, मग बोटांवरच्या ग्रीसकडे. "तुम्ही तर मिस्त्री आहात."

"आता आहे."

"मग मिस्त्री, मशीनच का दुरुस्त केलं नाहीत? सेन्सर बदलला की झालं."

तो काही क्षण नुसता तिच्याकडे पाहत राहिला. मनातल्या मनात मोजून पाहिलं तर तीन सेकंद भरले असते. "राहिलं," तो म्हणाला. आणि गाऊनांची गाडी ढकलत निघून गेला. वर जाऊन तिनं काढलेली ओळ परत जागेवर घातली.

तो आत्याबाईंचा सख्खा भाचा होता, हे तिला संध्याकाळी कळलं. कुठलाही प्रश्न विचारला की उत्तराआधी तो असाच थांबतो, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पाणी हवंय का असं विचारलं तरी थांबायचा. पहिले दोन दिवस तिला वाटलं, याला ऐकू कमी येतं. नंतर लक्षात आलं की हा माणूस विचारलेल्या गोष्टीवर खरोखरच विचार करतो. तिच्या ओळखीत असं करणारं दुसरं कुणी नव्हतं. ती स्वतः तर नव्हतीच. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तिचा खाक्या.

तिच्या कंपनीचा एक नियम होता. प्रोग्रॅममध्ये जो बदल करील त्यानं तो स्वतः मंजूर करायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी वाचायचा, शेजारी शेरे लिहायचे आणि पटला तरच 'मंजूर' म्हणायचं. इथे दुसरा वाचणारा कोण? लॉन्ड्रीत प्रोग्रॅम वाचता येणारं माणूस एकच होतं. आत्याबाईंनी परवानगी दिली, आणि मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन काचेच्या खोलीत येऊन बसू लागला.

शेरे सुरू झाले ते अगदी कामापुरते. तिनं लिहिलं, "या जागेचं नाव नुसतं 'क्ष' का? वाचणाऱ्यानं काय समजायचं?" त्यानं खाली लिहिलं, "वाचणारा येईल असं वाटलं नव्हतं. बदलतो."

तिनं तो शेरा दोनदा वाचला.

पुढच्या आठवड्यात तिनं चार नंबरच्या वेगळ्या वागण्यासाठी एक तुकडा लिहिला आणि त्याला नाव दिलं 'नखरे'. त्याचा शेरा आला: "नाव नामंजूर. ते मशीन नखरेल नाही, लाजरं आहे."

तिनं विचारलं: "मशीनबद्दलच बोलताय ना?"

याचं उत्तर अख्खा दिवस आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आलं: "मशीनबद्दल."

ती एकटीच हसली. मग काचेतून खाली पाहिलं तर तोही वरच पाहत होता, आणि हातातला पाना त्यानं उलटा धरला होता.

मुक्काम तिचा मावशीकडे होता. मावशीनं तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स म्हणून काढली होती. ताप हात न लावता ओळखण्याची सवय तिला त्या नोकरीनं लावली होती. रोज संध्याकाळी भाची आली की ती तिचा दुपट्टा नाकाशी नेई आणि आज वॉर्डातला वास जास्त येतोय, म्हणजे खालच्या मजल्यावर बराच वेळ गेला वाटतं, असं म्हणे. मशीनं समजून घ्यावी लागतात, असा कात्रीचा खुलासा. मशीनं समजून घ्यायला केसांना वेणी घालून जावं लागतं का, असा मावशीचा प्रश्न.

"मावशी, कामाचं आहे सगळं."

"असू दे. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवतेस, तेवढंच बघतेय मी," मावशी म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वारा सुटला होता म्हणून लोकरीची ब्लँकेटं गच्चीवर वाळत घातली होती. लोकर मशीनमध्ये वाळवली की आक्रसते. दुपारी आभाळ भरून आलं आणि जो रिकामा सापडेल त्याला आत्याबाईंनी वर पिटाळलं. कात्री सापडली. मिस्त्री आधीच वर होता.

ब्लँकेटाची घडी एकट्यानं होत नाही. त्यानं दोन कोपरे तिच्या हातात दिले, दोन स्वतः घेतले आणि मागे सरकला. ताणायचं, एकदा झटकायचं, मग चालत समोर यायचं आणि आपले कोपरे समोरच्याच्या हातात द्यायचे. हाताला हात लागतो, पण क्षणभरच. मग खालची घडी उचलून पुन्हा मागे. पहिल्या दोन ब्लँकेटांना तिनं पटापट चालून येऊन कोपरे त्याच्या हातात कोंबले. तिसऱ्यापासून ती सावकाश चालू लागली.

"ही भाषा मुळात कशासाठी केली, माहीत आहे तुम्हाला?" त्यानं मधेच विचारलं.

कॉलेजपासून धरून जावा ती नऊ वर्षं वापरत होती. पण ज्या बसनं रोज जातो ती कुठून सुटते हे आपण कुठं विचारतो? तिनं नाही म्हटलं.

मग घडीघडीला पुढेमागे होत त्यानं तिला गोष्ट सांगितली. तीसेक वर्षांपूर्वी एका कंपनीनं मूठभर लोकांना वेगळं बसवलं होतं. टीव्ही, रिमोट, घरातल्या असल्या वस्तूंना हुशार करायचं, असा बेत. पण प्रत्येक वस्तूच्या पोटातली चिप निराळी. दर वेळी नवा प्रोग्रॅम कोण लिहीत बसणार? म्हणून एकदा लिहिलं की कुठंही चालेल अशी भाषा त्यांनी तयार केली. खिडकीबाहेर ओकचं झाड होतं म्हणून तिचं नाव ओक ठेवलं. हातात मावेल असं एक यंत्रही करून दाखवलं. पण टीव्हीवाल्यांनी ते घेतलं नाही. ओक हे नावही आधीच दुसऱ्या कुणाचं होतं, तेही सोडावं लागलं. मग कॉफीवरून जावा. सगळं मुसळ केरात जायची वेळ आली आणि नेमकं तेव्हा इंटरनेट लोकांच्या घरात शिरलं. निर्जीव पानांवर चित्रं हलायला लागली ती या भाषेमुळे. लोक वेडे झाले. ते नव्याचे नऊ दिवसही सरले, पण तोवर ही पडद्यामागे जाऊन बसली होती. बँका, मोठमोठी ऑफिसं, तिकिटांची आरक्षणं. मग फोन आले, तर फोनांमध्ये.

"ज्यासाठी केली ते सोडून सगळं केलं तिनं," तो म्हणाला, "आणि आता इथे कपडे धुतेय. घरातल्या मशीनांसाठीच जन्मली होती ना... फिरून फिरून माहेरी आली म्हणायची."

तिला हसू आलं. मग तिनं विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही कशासाठी झाला होता?"

वाऱ्यानं ब्लँकेट फुगलं. या वेळचे तीन सेकंद जरा लांबले.

तोही एका मोठ्या कंपनीत होता. दोन वर्षं खपून घरातले दिवे, पंखे, दारं सांभाळणारी एक पेटी त्यांनी केली होती. ती बाजारात आलीच नाही. एका सकाळी मीटिंग झाली आणि सगळं कपाटात गेलं. तो घरी परतला, आत्यानं हा प्रोग्रॅम लिहायला दिला. तो लिहून झाल्यावर खाली हातांची जास्त गरज होती, म्हणून पाना उचलला. "आता मी प्रोग्रॅमवाला राहिलो नाही," तो म्हणाला.

"वा. भाषेनं काम बदललं तर तुम्ही तिची गोष्ट कौतुकानं सांगता. आणि स्वतः बदललंत तर मान खाली?"

"भाषेला आत्या नसते."

"आत्याबाई काय म्हणतात?"

"काहीच म्हणत नाही. तोच तर त्रास आहे."

कोपरे हातात देताना या वेळी त्याची बोटं थोडी रेंगाळली. किंवा तिची असतील. थेंब पडायला लागले तेव्हा शेवटचं ब्लँकेट दोघांनी कसंतरी गुंडाळलं आणि जिन्याकडे धावले.

त्या रात्री तिनं स्वतःपाशी कबूल केलं की तिला तो आवडतो. नुसता आवडतो असं नाही, तो जेवायला वर आला नाही तर तिला जेवण जात नाही. कात्रीच्या स्वभावाप्रमाणे दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला तसं तोंडावर सांगून टाकलं असतं. पण अहवाल मधे आडवा पडला होता. प्रोग्रॅम त्याचा, निकाल तिचा. आधी बोलून मग 'ठेवावा' लिहिलं तर आत्याबाईंनी तिच्यावर टाकलेला विश्वास फुकट गेला. आणि तोही बोलू शकत नव्हता, हे तिला दिसत होतं. तो आज काही बोलला असता तर ती आपल्या प्रोग्रॅमसाठी केलेली मनधरणी दिसली असती. तो तसला नव्हता. शुक्रवारी अहवाल द्यायचा आणि शनिवारी दुपारच्या बसनं तिनं परत जायचं, असं ठरलेलं होतं. मधे उरत होती एकच संध्याकाळ आणि एक सकाळ.

तिसऱ्या आठवड्यात तिनं प्रोग्रॅम जावाच्या अगदी ताज्या आवृत्तीवर चालवून पाहिला. सात वर्षांपूर्वीचं लिखाण, चारदोन ठिकाणी टाके घालावे लागले, बाकी जसंच्या तसं चाललं. जुनं मोडू द्यायचं नाही ही या भाषेची खोडच आहे. मग तिनं विक्रेत्याचा तयार प्रोग्रॅमही तितक्याच प्रामाणिकपणे तपासला. तो देखणा होता, पण त्याला आठही मशीनं एकसारखी वाटत होती.

अहवाल तिनं गुरुवारी लिहिला. तिसऱ्या मुद्द्यापाशी हात अडला. चहा गार झाला. शेवटी तिनं जे खरं होतं ते लिहिलं.

शुक्रवारी सकाळी आत्याबाईंनी चष्मा लावला आणि अहवाल मोठ्यानं वाचायला घेतला. मिस्त्री दाराशी उभा होता.

"पहिला मुद्दा. प्रोग्रॅम ठेवावा, नव्या आवृत्तीवर न्यावा. बरं. दुसरा, तयार प्रोग्रॅम घेऊ नये, कारणं सोबत जोडली आहेत. बरं. तिसरा." आत्याबाई थांबल्या. "'चार नंबरच्या मशीनमध्ये दोष आहे. तो दुरुस्त करण्याऐवजी प्रोग्रॅममध्ये तीन सेकंदांची ओळ घालून सात वर्षं झाकण्यात आला. मिस्त्रींना तो माहीत होता. ही हयगय आहे.'"

"चौथा," आत्याबाई पुढे वाचू लागल्या. "'यापुढचं काम आमच्या कंपनीतल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावं, माझ्याकडे नको.' हे का गं?"

"त्याचं कारण खाजगी आहे," कात्री म्हणाली. तिचे कान तापले होते, पण आवाज सरळ होता.

आत्याबाईंनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे आणि मग भाच्याकडे पाहिलं. भाचा तेव्हा तिसऱ्याच मुद्द्यात अडकलेला होता. त्याचा चेहरा उतरला होता. तो जिना उतरून गेला.

दिवसभर तो वर आला नाही. काचेतून खाली दिसला नाही. मावशीनं संध्याकाळी दुपट्टा हुंगला नाही. भाचीचं तोंड पाहून तिनं नुसतं पान वाढलं. कात्री म्हणाली, "मी खरं लिहिलं." मावशी म्हणाली, "मग रडतेस कशाला?" कात्री म्हणाली, ती रडत नाहीये. पण पान तिनं तसंच बाजूला सारलं. खरं लिहिल्याचा पस्तावा तिला झाला नव्हता. त्या खऱ्यापायी हा माणूस गेला तर मात्र आयुष्यभर सलेल, हे तिला लख्ख कळत होतं.

शनिवारी सकाळी ती बॅग घेऊनच लॉन्ड्रीत आली. कॉम्प्युटर उघडला, तर पडद्यावर एक बदल मंजुरीची वाट पाहत होता. करणारा मिस्त्री.

तिनं तो उघडला. बदल दोनच ओळींचा होता, आणि दोन्ही कापलेल्या. 'ही ओळ काढू नये' ही टीप गेली होती आणि तिच्याखालची तीन सेकंदांची ओळही गेली होती. शेजारी, बदलाचं कारण लिहायच्या जागी, त्यानं आजवरच्या त्याच्या सगळ्या शेऱ्यांपेक्षा जास्त लिहिलं होतं.

"चार नंबरचा सेन्सर काल बदलला. सगळी दुपार लागली, आणि चौथा मुद्दा कळायलाही तेवढीच लागली. सेन्सर सात वर्षांपूर्वीही बदलता आला असता. पण मग ओळ गेली असती आणि टीपही गेली असती. कुणीतरी कधीतरी हे वाचील, आणि का म्हणून विचारायला फोन करील, यासाठी ठेवली होती. फोन आला. तिसरा मुद्दा खरा आहे. आता ओळ काढावी. बाकीचं शेऱ्यात लिहिण्यासारखं नाही, खाली यावं."

कात्रीनं 'मंजूर' दाबलं. एरवी मंजुरीपूर्वी ती बदल दोनदा वाचायची, पण आज एकदाच वाचला होता.

खाली हॉलमध्ये वाफ, साबणाचा वास आणि आठ मशीनांची घरघर. तो चार नंबरपाशी उभा होता. तिला पाहिल्यावर त्यानं फक्त ड्रमकडे बोट केलं. ड्रम फिरत होता, मंदावला, थांबला, आणि त्याच क्षणी कुलूप खट् करून उघडलं. आत चादरी होत्या, गरम आणि पांढऱ्याशुभ्र.

ती काही विचारणार, इतक्यात तोच बोलला. थांबला नाही, मोजलं नाही.

"मला तू आवडतेस. फोनवर 'काढली' म्हणालीस ना, तेव्हापासून. दुसऱ्या कुणीही आधी सबब सांगितली असती. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही, तुझं काम आहे ते. पण परत ये. प्रोग्रॅमसाठी नको, माझ्यासाठी ये."

तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. कात्रीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं... आणि शब्दच आला नाही. जन्मात पहिल्यांदा तिची जीभ टाळ्याला लागेना.

एक.

त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

दोन.

पलीकडच्या टेबलावर आत्याबाई एकच चादर तिसऱ्यांदा तपासत होत्या.

तीन.

"हो," ती म्हणाली. आवाज जरा चिरकला, म्हणून तिनं पुन्हा नीट म्हटलं. "हो. दर शनिवारी येईन. बस दोनच तासांची आहे. आणि तूही यायचंस. सगळे शनिवार माझ्याच गळ्यात नकोत."

"येईन."

"आणि त्या हयगयीबद्दल मी माफी मागणार नाही."

"मागू नकोस. खरं आहे ते."

"एवढा वेळ का लावलास रे?" तिनं विचारलं, आणि आता कुठं तिचे डोळे भरले.

"आज तर तूच लावलास. तीन सेकंद फार मोठे असतात गं," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

"झालं असेल तर त्या चादरी काढा," आत्याबाई पलीकडून म्हणाल्या. "गाडी उभी आहे फाटकात." त्यांचा आवाज करडा होता, पण चष्मा काढून त्या पदरानं पुसत होत्या.

वरची चादर त्यानं ओढली. दोन कोपरे तिच्या हातात दिले, दोन आपण घेतले आणि मागे सरकला. दोघांनी ताणली, एकदा झटकली. मग ती चालत समोर आली. कोपरे त्याच्या हातात दिले आणि मागे जायच्या ऐवजी तिथेच उभी राहिली.